तांदळाच्या ताटाचा अरबी तर्जुमा

मी आमच्या कंपनीत होतो त्या काळी कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार एक गवंडी पाहत होता, चहा एक वेल्डर करत होता आणि रिसेप्शनवर बसून गोड आवाजात फोन घेणारी वसईची बाई सरकारी कागदांप्रमाणे पुरुषांचे कपडे शिवणारी शिंपी होती. मी स्वतः पहिली दोन वर्षं सुतार होतो. हातोडी मी आयुष्यात नारळ फोडायला तेवढी वापरली आहे, आणि त्यातही नारळ क्वचितच फुटला.

हे असं का, ते आधी सांगतो. मग पुढचं सगळं कळेल. पटेल असं म्हणत नाही.

गोष्ट शारजातली, नव्वदचं दशक संपता संपताची. अमिरातीत परदेशी माणूस नोकरीवर आणायचा तर कंपनीला आधी सरकारची मंजुरी लागायची. मंजुरी मिळायची ती हुद्द्यांची, माणसांची नव्हे. इतके गवंडी, इतके सुतार, दोन ड्रायव्हर, एक इंजिनियर. कंपनीला हवा असायचा सेक्रेटरी, आणि मंजुरीत शिल्लक असायचे गवंडी. मग मॅनेजर म्हणायचा, "यल्ला, चला, गवंडी तर गवंडी." व्हिसा छापून आला की मूळ कागद आम्ही विमानतळावरच्या खिडकीत नेऊन ठेवायचा आणि त्याची प्रत फॅक्सने पाठवायची. ती फडकवत माणूस विमानातून उतरायचा, खिडकीतून स्वतःचा मूळ व्हिसा ताब्यात घ्यायचा, आणि त्यावर वाचायचा की आपण गवंडी आहोत. काही जण तिथेच रडायचे. पुढे रक्ताची तपासणी, बोटांचे ठसे, लेबर कार्ड आणि पासपोर्टवर शिक्का.

या सगळ्या खिडक्यांवरून कंपनीच्या वतीने हिंडणाऱ्या माणसाला तिथे 'मंदूब' म्हणतात. आमच्या कोकणी कानांना हे नाव भजनी मंडळातल्या वाद्यासारखं वाटतं, आणि काम साधारण तेच आहे. दोन्ही बाजूंनी थापा खायच्या आणि आवाज मंजूळ ठेवायचा. मी, सुहास परुळेकर, अकरा वर्षं मंदूब होतो. अकरा वर्षांत मी खिडकीवर कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला 'नाही' म्हटलं नाही आणि 'इन्शाल्ला' हा शब्द इतक्या वेळा वापरला की देवालाही माझी कीव आली असेल.

आता त्या गवंड्याकडे येतो. त्याचं नाव अविनाश दळवी. सिंधुदुर्गातला, सडपातळ, इतक्या मऊ हातांचा की हस्तांदोलन करताना आपल्याच हाताची लाज वाटावी. मिनिटाला ऐंशी शब्दांनी इंग्रजी टायपिंग करायचा आणि साध्या सिमेंटच्या ऑर्डरमध्येसुद्धा 'वी हॅव द ऑनर टू रिक्वेस्ट' लिहायचा.

एकदा खोर फक्कानला आमच्या गोदामाच्या साइटवर लेबर इन्स्पेक्टर आला. कार्डावर जो हुद्दा, तेच काम माणूस करताना दिसला पाहिजे, असा नियम. दळवी त्या दिवशी पत्रं घेऊन नेमका साइटवर गेलेला. मी फोनवर एवढंच म्हटलं, "दळवी, फाइल खाली ठेवा, थापी हातात घ्या." बिचाऱ्याने टाय शर्टाच्या आत खोचला, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. इन्स्पेक्टर त्याच्याजवळच थांबला. म्हणाला, "काम करो, हम देखता है." दळवीने बावीस ब्लॉक लावले. खरे गवंडी, राजस्थानचे, लांब उभे राहून तोंडात गमछा कोंबत होते. इन्स्पेक्टर शेवटी इतकंच म्हणाला, "ये नया आदमी है?" मी म्हटलं, "नया है सर, सीख रहा है." ती भिंत पुढे साइटवर 'दळवींची भिंत' म्हणून प्रसिद्ध झाली. एका बाजूने ती गोदामाला धरून होती. दुसऱ्या बाजूने ती हळूहळू ओमानकडे निघाली होती.

हसू येतं, पण त्या एका शब्दात दळवीचा संसार अडकला होता. गवंड्याच्या व्हिशावर बायकोला कायमचं आणता येत नसे. हुद्दा बदलायचा तर व्हिसा रद्द करून पुन्हा ओळीत पहिल्यापासून, आणि सेक्रेटरीची जागा आमच्या मंजुरीत नव्हतीच. त्यामुळे बायको यायची ती व्हिजिट व्हिशावर, पाहुणी म्हणून. दोन महिने राहायची, परत जायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत नवरा-बायको एकत्र राहिले होते आठ महिने. तो गवंड्याचा व्हिसा मीच काढला होता. माझ्या वहीत ते काम 'खलास' म्हणून टिक केलेलं होतं.

बायकोचं नाव मृदुला. सिव्हिल इंजिनियर. पहिल्यांदा अल नहदाला आमच्या घरी जेवायला आल्या, तेव्हा सोलकढी पिता पिता बाल्कनीतली एक चीर पाहून म्हणाल्या, "भाऊजी, झाडं जरा भिंतीच्या बाजूला घ्या. पडली तर तुमच्याच घरात पडू देत." मला बाई तेव्हाच आवडली.

आणि योग असा की त्यांच्या चौथ्या व्हिजिटच्या वेळी आमचा इंजिनियर कॅनडाला गेला. मंजुरीत इंजिनियरची एकुलती एक जागा मोकळी झाली. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. मॅनेजरच्या डोक्यात त्या जागेसाठी त्याच्या मित्राचा पुतण्या होता. शेवटी तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बाई टेबलावर बसली तर जागा तिची. नाही तर पुतण्याची." त्या जागेवर वहिनींचा स्वतःचा व्हिसा झाला असता, आणि मग नवरा गवंडी असो की वेल्डर, दोघं एका घरात राहू शकले असते.

एकच अडचण होती. व्हिजिटवर आलेल्या माणसाला देशात बसून नोकरीचा व्हिसा मिळत नसे. एकदा बाहेर पडायचं आणि नव्या व्हिशावर आत यायचं. त्यासाठी आमच्यासारख्यांचं काशी-रामेश्वर म्हणजे किश. इराणचं एक बेट, विमानाने जेमतेम अर्धा-पाऊण तास. तिथे चौदा दिवस व्हिशाशिवाय राहता यायचं. विमानात बायकांना डोक्यापासून पायापर्यंतचा झगा आणि रुमाल द्यायचे. वहिनी गेल्या त्या दिवशी मी विमानतळावर त्यांना ऐटीत सांगितलं, "दोन दिवस वहिनी. फार तर तीन. डिग्रीवर दिल्लीपासूनचे शिक्के आहेत, काही राहिलं नाही. इन्शाल्ला."

आणि तिथून मी तडक गेलो टायपिंगच्या दुकानात. सगळे अर्ज अरबीत टाइप करावे लागत. ते करणारा हमीद, कासरगोडचा, बोटांनी अरबी, तोंडाने मल्याळी आणि गिऱ्हाइकाशी हिंदी बोलायचा. वर न बघता तो रकाने विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचो. शेकडो वेळा केलेलं काम.

"नाम?"

"मृदुला."

"बाप का नाम?"

पासपोर्ट माझ्या हातात होता. मृदुला अविनाश दळवी. बापाचं नाव मी नेहमी जिथून वाचतो तिथूनच वाचलं. मधलं नाव. सुहास गोविंद परुळेकर, बाप गोविंद. तेच गणित.

"अविनाश."

"शादीशुदा? शौहर का नाम?"

"अविनाश."

हमीदची बोटं थांबली नाहीत. माझंही डोकं चाललं नाही. मराठी माणूस हा घोटाळा करतो कारण त्याच्या कानाला त्यात घोटाळा ऐकूच येत नाही.

चौथ्या दिवशी खिडकीतून फाइल परत आली आणि मला आत बोलावलं. आत म्हणजे अबू सईदकडे. हा तिथला कॅप्टन. वय पन्नासच्या पुढे, अंगातला पांढरा झगा, म्हणजे कंदुरा, कडक इस्त्रीचा, जुन्या पिढीतल्या स्थानिकांसारखी भारतीयांशी फर्डी हिंदी बोलणारा. माणूस हसताना कुणी पाहिला नव्हता. गहाव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, छोटे कप एकामागून एक रिकामे करत तो एकेक कागद वाचायचा, आणि कागद वाचणारा अधिकारी हा मंदूबाचा सर्वांत मोठा शत्रू.

त्याने आमचे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडून ठेवले होते.

"मंदूब, बैठो. ये औरत का शौहर कौन?"

"अविनाश, सर."

"बाप कौन?"

मी अर्ज पाहिला.

"इधर लिखा है, अविनाश," तोच म्हणाला. "दो अविनाश है?"

घाबरलेला माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "नहीं सर. एक ही है."

अबू सईदने कप खाली ठेवला. बराच वेळ ठेवतच होता.

"अच्छा. पैदाइश देखो. बाप का, बेटी का. फरक कितना?"

"तीन साल, सर."

"तीन साल का बच्चा को बेटी हुआ."

"सर, वो..."

"रुको. काम क्या करता है ये बच्चा? गवंडी." त्याने लग्नाचा दाखला पुढे सरकवला. नवऱ्याची ना-हरकत लागे म्हणून मीच तो जोडला होता. "अब ये. अविनाश का बीवी का नाम, वासंती गजानन सावंत. इंजिनियर का सर्टिफिकेट किसका? वासंती गजानन सावंत. बहुत अच्छा. बीवी इंजिनियर है. तो मंदूब, बीवी किधर है, और तुम बेटी को काम पे क्यों लगाता है?"

मी सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. वासंती हीच मृदुला.

"फॅमिली का नाम?"

"वो भी बदलता है."

"खुद का भी?"

"खुद का भी."

"और बाप का?"

"बाप का नाम निकालते हैं, सर. उधर शौहर का नाम आता है."

अबू सईदच्या मुलखात बाई जन्मते बापाच्या नावाने आणि मरते बापाच्या नावाने. नवरा येवो, जावो, नावात त्याला जागा नाही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आपण कुणाचा तरी बाप चोरून नेताना पकडले गेलो.

"शौहर बदलता है, ठीक. घर बदलता है, ठीक. बाप कैसे बदलेगा?"

"बाप वही है, सर."

"तो कागज से किधर गया?"

लग्नाच्या दिवशी मुलीच्या नावातला बाप कुठे जातो? त्या प्रश्नाला खिडकीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दळवीने स्वतःच्या इंग्रजीला साजेसा अर्ज टाइप करून आणला. 'मी, खाली सही करणारा, सविनय निवेदन करतो की मी माझ्या पत्नीचा पिता नाही.' मी तो अबू सईदपुढे ठेवला. त्याने वाचला.

"ये अच्छा खबर है," तो म्हणाला. "लेकिन ये कल का कागज है. मेरे को उस दिन का कागज लाओ, जिस दिन नाम बदला."

"उस दिन का?"

"कोई तो लिखा होगा. नाम हवा में नहीं बदलता."

त्या संध्याकाळी किशहून फोन आला. वहिनी हॉटेलच्या रिसेप्शनवरून बोलत होत्या.

"भाऊजी, तुमच्या इन्शाल्लाचा आज पाचवा दिवस."

"वहिनी, एक लहानशी तांत्रिक..."

"खोलीत आम्ही सहाजणी आहोत. चार फिलिपिनो, एक पेशावरची. पेशावरची इथे अकरा दिवस आहे, तिचाही कुणी तरी भाऊजीच आहे म्हणे. इथला जिना कुणी बांधलाय माहीत नाही, पण बहुधा आमच्या ह्यांनीच. ते कसे आहेत?"

"बरे आहेत. तुमचे वडील झाले म्हणून थोडे..."

मग सगळं सांगावं लागलं. त्या हसायला लागल्या. रिसेप्शनचा माणूस काहीतरी ओरडला, तरी हसत राहिल्या. आणि मग एकदम हसणं थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, चौदाव्या दिवशी मला इथून भारतात पाठवतील. मग पुढच्या व्हिजिटला किती महिने, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या दिवसाचा कागद हवाय ना त्यांना? बाबांना विचारा. बाबा कागद फेकत नाहीत."

बाबा म्हणजे गजानन सावंत, निवृत्त पोस्टमास्तर. कोकणातल्या त्यांच्या गावी शेजारच्या दुकानात फोन होता. मी नाव बदलल्याचा कागद विचारला. ते म्हणाले, "कागद कसला? जावईबापूंनी ताटात लिहिलं."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मीही लिहिलं होतं. आपण सगळेच लिहितो. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव त्यात कोरतो.

"फोटो आहे का?"

"आहे की. जावयांचा हात आहे, अंगठी आहे, नाव स्वच्छ वाचता येतं. मागे सगळी माणसं आहेत."

"काका, आजच्या आज कुरियरने पाठवा."

पलीकडचा आवाज गार पडला. "परुळेकर, चौतीस वर्षं टपालखात्यात काढली मी. मुलीचं नाव कुरियरने पाठवू?"

मी विनवण्या केल्या. विमान सांगितलं, दिवस सांगितले. म्हातारा हलेना. "स्पीड पोस्टाने येईल. वेळेवर येईल." आणि फोन ठेवला. पुढचे पाच दिवस मी रोज टपालपेटीशी जाऊन उभा राहायचो. दळवी रोज विचारायचा, "आलं?" विचारताना माझ्या तोंडाकडे बघत नसे. मॅनेजरने पुतण्याचा पासपोर्ट माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर म्हणाला, "घाई नाही. नुसता ठेवलाय."

अकराव्या दिवशी पाकीट आलं. आत पुठ्ठ्यांच्या मध्ये फोटो, ज्यातलं एकेक माणूस दळवीने मला बोट ठेवून ओळखवलं, आणि सोबत बोरूने लिहिल्यासारख्या अक्षरात एक चिठ्ठी: 'सदर मुलगी एकच असून ती माझी आहे. नाव बदलले त्या वेळी मी हजर होतो.' खाली सही. पोस्टमास्तरांचा शिक्का आता त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी जुनी पदवी स्वच्छ लिहून भोवती पेनाने गोल काढला होता.

सरकारात परदेशी कागद चालायचा तर त्याचा अरबी तर्जुमा लागतो, आणि तो मान्यताप्राप्त अनुवादकाकडूनच. आमचा अनुवादक सुदानी होता. सहा फुटांवर उंची, काळाभोर, कमालीचा गंभीर. त्याने फोटो दिव्याखाली धरला.

"मजकूर कुठे आहे?"

"ताटात."

"हा कागद कसला?"

"तांदूळ आहे."

त्याने भिंगातून पाहिलं. मग पेन उचललं. "शिजलेला की कच्चा?"

"कच्चा."

"हे लिहावं लागेल. शिजलेल्यावर लिहिलेलं टिकत नाही." त्याने लिहिलं. "लिहिणारा कोण?"

"नवरा. हा त्याचा हात."

"लेखणी?"

"सोन्याची अंगठी."

हे ऐकून तो पहिल्यांदा प्रभावित झाला. मग त्याने मागची माणसं मोजायला घेतली. एक करवली अर्धीच दिसत होती, ती धरायची की नाही यावर आमची चर्चा झाली. एक लहान मूल रडत होतं. "अजाण साक्षीदार," असं त्याने वेगळं नोंदवलं. शेवटी तयार झालेला दस्तऐवज असा होता: 'धातूच्या ताटाचे छायाचित्र. ताटात न शिजवलेला तांदूळ. तांदळात हिंदी लिपीत, मृदुला असे एक स्त्रीनाम, जे पतीने सोन्याच्या अंगठीने अकरा प्रौढ व एका अजाण साक्षीदारासमक्ष लिहिले.' खाली सही, शिक्का, तिकीट. चाळीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे पावणेपाचशे रुपये. त्यात महिनाभराचा बासमती आला असता, पण त्या बासमतीला शिक्का नसता.

बाराव्या दिवशी सकाळी मी तो तर्जुमा, फोटो आणि पोस्टमास्तरांची चिठ्ठी अबू सईदपुढे ठेवली. त्याने तर्जुमा वाचला. फोटो पाहिला. तर्जुमा पुन्हा वाचला.

"चावल में लिखा?"

"जी सर."

"बाद में चावल का क्या करता?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "खाते हैं, सर."

"नाम लिखा, और खा गया."

"जी."

"ग्यारह गवाह," तो म्हणाला. "मेरे शादी में दो था." मग बोट फोटोतल्या एका कोपऱ्यावर ठेवलं. मागे, सगळ्यांच्या मागे, एक बारीक माणूस धोतर-कोटात उभा होता, मान उंच करून ताटात काय लिहिलं जातंय ते वाचायचा प्रयत्न करत.

"ये कौन?"

"ये बाप है, सर. गजानन."

अबू सईदने चिठ्ठी उचलली. मी तोंडी हिंदी केलं: लडकी एक ही है, और मेरी है. पेनाने काढलेल्या गोलावरून त्याने बोट फिरवलं. मग कुणालाही न विचारता अर्ज ओढला, बापाच्या रकान्यातला अविनाश आडवा खोडला, वर स्वतःच्या हाताने अरबीत 'गजानन' लिहिलं, बाजूला सही केली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की गहाव्याचा कप हलला.

"शौहर को चावल में लिखने दो," तो म्हणाला. "बाप इधर रहेगा. खलास. यल्ला, मंदूब, एअरपोर्ट भागो."

तेराव्या दिवशी वहिनी उतरल्या. फुलाफुलांचा इराणी रुमाल अजून डोक्यावर होता, काढायचं विसरल्या होत्या. दळवी हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याने ती बाटली पुढे केली. त्या म्हणाल्या, "बाबा, कसे आहात?" आणि दळवी इतका लाजला की मी तोंड फिरवून गाडी आणायला गेलो.

गाडीत त्यांनी व्हिशाचा कागद मला वाचायला दिला. तोपर्यंत मला एवढं अरबी यायला लागलं होतं. मी वाचत गेलो. नाव मृदुला. हुद्दा सिव्हिल इंजिनियर. पती अविनाश. पिता गजानन.

"गजानन?" त्यांनी कागद परत घेतला. ज्या लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "कुठलं ते दाखवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथे स्वतःचं बोट ठेवलं आणि अल नहदा येईपर्यंत उचललं नाही.

महिनाअखेरीला दोन दिवस बाकी असताना त्या टेबलावर बसल्या. पुतण्याचा पासपोर्ट मी मॅनेजरला परत केला. म्हटलं, "घाई नाही. नुसता ठेवतोय." इंजिनियर म्हणून वहिनींनी दिलेला पहिला लेखी हुकूम खोर फक्कानच्या साइटसाठी होता. 'दळवींची भिंत' तातडीने पाडावी. तो हुकूम इंग्रजीत टाइप केला खुद्द दळवीने, 'वी हॅव द ऑनर टू डिमॉलिश' अशी सुरुवात करून. आज दोघं अबूधाबीत अल रीम आयलंडवर राहतात, सत्ताविसाव्या मजल्यावर. त्यांची मुलगी इंग्रजीत उत्तरं देते आणि आजोबांचं नाव मात्र पूर्ण सांगते.

व्हिशाची प्रत पोस्टमास्तरांना पाठवली होती. त्यांचं पोस्टकार्ड आलं: 'नोंद झाल्याची पोच मिळाली. स्पीड पोस्ट वेळेवर पोचले हे आपण लक्षात घेतलेच असेल.'

हे सगळं होऊन आठवडा झाला, आणि मग मला ते आठवलं. मंदूब कितीही लबाड असला तरी स्वतःच्या घरचं काम तो सवयीनेच करतो. मी कपाटातून आमच्या घरची फाइल काढली. नीलिमा सुहास परुळेकर. पती, सुहास. पिता, सुहास. एकदा नव्हे, तीन वेळा नूतनीकरण. माझ्याच सांगण्याने, हमीदच्याच बोटांनी. आमच्या नऊ वर्षांच्या संसारात निम्म्याहून जास्त काळ, सरकारदरबारी, मी माझ्या बायकोचा बाप होतो. कुठल्याच अबू सईदला ते दिसलं नव्हतं. आणि गावी, तिचे वडील, ज्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, ते माझ्या हातून कागदावरून आधीच गेले होते.

नीलिमा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. नाट्यमय करून सांगितलं, मला दुसरं येत नाही. ती हसेल असं वाटलं होतं. तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"तरीच," ती म्हणाली. "मी म्हणत होते, हा माणूस नवऱ्यासारखा कधी बोलतच नाही, सदा उपदेश करतो."

"पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. दुरुस्त करून टाकतो."

"काय लिहाल?"

मी खिशातून पेन काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तो रकाना कागदावर न बघता, माणसाला विचारून भरत होतो.

"बापाचं नाव?"

"रामचंद्र," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघत, सावकाश, "आणि नीट लिहा. छापखान्यात खिळे जुळवायचे ते. खोडाखोड त्यांना चालत नसे."